बसून राहण्याची परीक्षा

राणीसाहेब पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दिवाणजी मात्र सुईण निवडत होते ती पणजोबांच्या काळच्या रिवाजाने: सगळ्या सुइणींनी दिवसभर वाड्याच्या अंगणात बसायचं, जी उठली ती बाद!

दुपारी मागच्या गल्लीतून एका अडलेल्या बाईचा टाहो आला. त्यांतली एकटी भिवराबाई उठून धावली. दिवेलागणीला ती परतताच दिवाणजी कडाडले, "धीर नाही तुझ्यात. चालू लाग!"

"जाते, दिवाणजी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मला तेवढं पुरे. पण तो टाहो ऐकूनही ज्या बसून राहिल्या, त्या राणीसाहेबांच्या हाकेला उठतील ना, एवढं विचारून ठेवा."

पडद्यामागून राणीसाहेब बाहेर आल्या. भिवराबाईचे हात घट्ट धरून, भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "बाई, फार बरं झालं तुम्ही उठलात."