उघड्या दुरडीचा वसा

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की ती मोजणारं आता कुणी उरलं नाही. बायांनो, लेकरांनो, दोन घटका बसा, हातात चार अक्षता घ्या आणि ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावापुढं मोठं माळरान आणि माळरानापलीकडं एक गड. गाव एका राजाचं, गड दुसऱ्या राजाचा. दोघांचं भांडण कशावरून लागलं ते म्हाताऱ्यांनाही धड सांगता येत नसे. कुणी म्हणे पाण्यावरून, कुणी म्हणे मानापानावरून. लढाई मात्र सुगी उरकली की ठरल्यासारखी उभी राही. माळावर माणसं पडत. काही इकडची, काही तिकडची.

त्या गावच्या बायकांनी एक वसा घेतला होता. त्याला म्हणत उघड्या दुरडीचा वसा.

जिची पाळी असेल तिनं न्हाऊन देवापाशी दिवा लावायचा आणि नाचणीच्या भाकरी थापायच्या. दुरडीत भाकरी, कारळ्याची चटणी, गुळाचे खडे, जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या पट्ट्या आणि हळद-तुपाची वाटी ठेवायची. कडेवर पाण्याची घागर घ्यायची. देवाचा नैवेद्य आपण झाकून नेतो, पण ही दुरडी उघडी न्यायची. धूळ बसली तर बसू दे, दोन्हीकडच्या पहाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे की डोक्यावर काय आहे. भर उन्हात, माळाच्या मधोमध, मोठ्यानं ओवी म्हणत चालायचं. पडलेल्याला पाणी द्यायचं, तो कुणाचा ते विचारायचं नाही. गडावरच्या कैद्यांनाही भाकरी द्यायची. आणि तिथं काय पाहिलं ते घरी येऊन नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.

काय दिवस होते ते! माळावर ओवी ऐकू आली की दोन्हीकडची धनुष्यं खाली होत. तान्हं झोपावं तशी लढाई तेवढ्यापुरती झोपे. शिपाईगडी एकमेकांना म्हणत, “थांबा रे, दुरडी जाऊ दे.” आणि कुणीतरी गुपचूप डोळे पुसून घेई, कारण ती ओवी त्याच्याही आईला येत असे.

गडाच्या दारावर एक म्हातारा नाईक पहाऱ्याला होता. मिश्या पांढऱ्या, जीभ तिखट.

“अक्का, आज भाकरीला पापुद्रा आलेला नाही. राग कुणावर काढलात?” तो विचारी.

“तुमच्यावरच, नाईक. तुमच्यापायी माझ्या गड्यांच्या ताटातली चटणी कमी होते.”

“मग उद्या थोडी जास्त आणा, म्हणजे राग तरी पुरेपूर निघेल!”

नाईक हसत हसत दार उघडी. दुरडीत हात घालून बघणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

आता ही अक्का कोण? तर गावातल्या एका घरात दोघी जावा होत्या, त्यांतली थोरली. वशाची शिस्त तिच्याकडं होती. धाकटी जाऊ स्वभावानं मायाळू, पण मनानं उतावळी.

एका वर्षीच्या लढाईत थोरलीचा एकुलता एक लेक गडावर कैद झाला. थोरली आपल्या पाळीला जाई, सगळ्या कैद्यांना भाकरी वाटी, रांगेत लेकाची पाळी आली की त्यालाही देई, आणि पुढं सरके. ना एक भाकरी जास्त, ना एक घडी जास्त.

धाकटीला हे बघवेना. “जाऊबाई, काळजाचा दगड केलात की काय? स्वतःच्या पोराच्या गालावरून हात तरी फिरवायचा!”

“हात फिरवला असता गं,” थोरली म्हणाली. “पण बाजूचा पोरगा बघत होता. त्याची आई कुठं आहे तिथं?”

धाकटीला ते पटलं नाही. त्या मुलाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्याचे हडकलेले हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

गावच्या राजाचा एक सरदार होता. गोड बोलणारा, दूरवरचं बघणारा. तो एकदा पाणवठ्यावर धाकटीला गाठून म्हणाला, “काकू, पुतण्या घरी यावा असं वाटतं ना?”

“हे काय विचारणं झालं, सरदार?”

“मग पुढची पाळी तुमचीच आहे. चार सुऱ्या देतो, भाकरींच्या तळाशी ठेवा. आमच्या माणसांना दोर कापायला लागतील, बाकी काही नाही.”

“कुणाला इजा होणार नाही ना?”

“दोराला कुठं इजा होते, काकू?” सरदार हसला.

तिनं रात्रंदिवस विचार केला आणि शेवटी देवीपुढं हात जोडून म्हणाली, “माते, एकदाच. पोर घरी येऊ दे, मग पुन्हा नाही.” सुऱ्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या मऊ लुगड्याच्या पट्टीत गुंडाळल्या, वर भाकरी रचल्या, आणि दुरडी उघडीच ठेवून निघाली.

त्या दिवशी तिच्या तोंडातून ओवी फुटेना. गडाच्या दारात नाईकानं विचारलं, “काय ताई, आज मुक्यानंच आलात?”

“घसा बसलाय,” ती खाली बघून म्हणाली.

नाईकानं कंबरेच्या थैलीतून खडीसाखरेचा खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. “हा चघळत जा. ओवीशिवाय दार उघडायला बरं नाही वाटत.”

तिनं तो खडा पदराला बांधला आणि आत गेली.

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. दोर कापले गेले, आणि दोर कापून सुऱ्या थांबल्या नाहीत. दार आतून उघडलं. बाहेर सरदाराची फौज तयारच होती. गड पडला, पलीकडचा राजा मागच्या टेकडीवर हटला, आणि थोरलीचा लेक घरी आला.

गावानं तोरणं बांधली. धाकटीनं पुतण्याला पाटावर बसवून ओवाळलं. तो मान खाली घालून जेवत होता.

थोरलीनं विचारलं, “गडावर जखमी होते, त्यांचं काय झालं?”

लेकानं घास खाली ठेवला. “आई, त्यांना अंथरुणावरच मारलं.”

“आणि दारावरचे नाईक?”

“ते पहिले गेले. त्यांनी तलवार उपसलीच नाही. काकूंच्या तिथंच राहिलेल्या दुरडीकडं बोट दाखवून म्हणाले, ‘हे हिच्यातून आलं?’ एवढंच.”

धाकटीनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. पदराची गाठ अजून सुटली नव्हती, खडीसाखर तशीच होती.

थोरली ओरडली नाही. ओरडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं. ती इतकंच म्हणाली, “माझं पोर आलं. कुठल्या तोंडानं तुला बोलू? पण उद्या जे माळावर पडतील, त्यांच्याकडं आता कुणी जायचं, आणि कसं?”

लढाई संपली नव्हतीच. टेकडीवरून पुन्हा हल्ले सुरू झाले. माळावर पुन्हा माणसं पडली. थोरलीची पाळी आली.

“जाऊबाई, नका जाऊ. ते आता ऐकायचे नाहीत,” धाकटीनं तिचे पाय धरले.

“पाळी माझी आहे,” थोरली म्हणाली, आणि दुरडी उचलून, ओवी म्हणत, भर उन्हात माळाच्या मधोमध चालू लागली.

टेकडीवरच्यांनी ओवी ऐकली. पूर्वी ती ऐकून धनुष्यं खाली जात, आता ती वर आली. पहिल्या कडव्यालाच बाण सुटला तो थोरलीच्या खांद्यात बसला. दुरडी उलटली, भाकरी धुळीत गेल्या. लेकानं सरपटत जाऊन आईला ओढत आणलं. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. ज्या हातानं गावभरच्या पोरींना भाकरी थापायला शिकवलं, तो हात गेला.

मग कुणीच जाईना. इकडचा राजाही घाबरला की आपण केलं तेच ते करतील, आणि त्यानंही दुरड्या अडवायला सांगितलं. माळावरून हाका येत, “पाणी… पाणी…” सकाळी त्या मोठ्या असत, दुपारपर्यंत बारीक होत, ऊन कलताना थांबत. हाका दोन्हीकडच्या बोलीतल्या असत. घराघरांत तव्यावरच्या भाकरी वाळत आणि बाया दारं लावून कानांवर हात ठेवून बसत.

एका दुपारी धाकटी उठली. तिनं देवीला कुंकू लावलं, डोक्यावर काही न घेता दोन्ही हात वर केले आणि माळ ओलांडून टेकडीकडं चालू लागली.

“तिथंच थांब!” टेकडीवरून तरणा शिपाई ओरडला. बाण तिच्या छातीवर रोखलेला.

“थांबते रे बाबा. पण मारण्याआधी तुझ्या राजाला सांग, सुऱ्या आणणारी आली आहे.”

तिला राजापुढं नेलं. राजा वयस्क होता, थकलेला होता. म्हणाला, “शिक्षा मागायला आलीस?”

“द्यायची तर द्या, महाराज. पण माझा जीव घेऊन माळावरच्या पोरांच्या घशाखाली पाणी उतरणार नाही. त्यांत तुमचीही पोरं आहेत.”

“तुझ्या दुरडीवर विश्वास ठेवला म्हणून माझा गड गेला. आता कशावर ठेवू?”

“माझ्यावर ठेवूच नका,” धाकटी म्हणाली. “मला तुमच्या सगळ्यांत पुढच्या चौकीवर ठेवून घ्या. प्रत्येक दुरडी तिथं माझ्यापुढं उतरू दे. तुमच्या माणसांदेखत मी ती जमिनीवर उलटीन, भाकरी न् भाकरी मोडून दाखवीन, पहिला घास मी खाईन, पहिला घोट मी घेईन. एकीतही काही निघालं, तर मी आहेच तुमच्या हातात.”

“आणि तुझ्याच लोकांनी तुला बळी दिलं तर? सरदाराला तुझी काय पर्वा?”

“सरदाराला नसेल. पण तिकडं दुरडी भरून घेणारी माझी जाऊ आहे. दुरडी नेतानाच तिच्या खांद्यात तुमचा बाण बसला.”

“मग ती तुझ्यावर रागावलेली असेल.”

“असेल की. पण ती दुरडीत राग भरायची नाही, महाराज. मी तिच्याबरोबर एका चुलीवर संसार केलाय.”

राजा शिपायांकडं वळला. मग म्हणाला, “हिला चौकीवर बसवा.”

निरोप गावात गेला. गावच्या बाया एकजुटीनं आपल्या राजापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दुरडी सोडत नसाल, तर तुमच्या मुदपाकखान्यातही आजपासून चूल पेटणार नाही.” राजा वरमला. सरदाराला त्यानं त्या माळापासून लांब धाडलं.

दुसऱ्या दिवशी माळावर ओवी आली. आवाज थोरलीचा होता. डावा हात दुरडीला, उजवा लोंबता, शेजारी घागर घेतलेला लेक. टेकडीवरचे बाण रोखलेलेच होते. ती चौकीशी आली. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. धाकटीला वाटलं, आता ही तोंड फिरवील.

थोरली म्हणाली, “जेवलीस का?”

“नाही,” धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

“मग उलट दुरडी. पहिला घास तुझाच आहे ना आता? नीट जेव. इथं तुझ्याकडं कोण बघणार आहे?”

धाकटीनं दुरडी उलटली, भाकरी मोडल्या, घास खाल्ला. तरण्या शिपायानं बघून मान हलवली. दुरडी पुन्हा भरली, पुढं गेली. त्या दिवशी माळावर कुणीतरी कितीतरी काळानं पाणी प्यालं.

असं किती वर्षं चाललं म्हणता? धाकटीचे केस त्या चौकीवर पांढरे झाले. घरी सणवार आले नि गेले, पुतण्याचं लग्न झालं, तिनं अक्षता टेकडीवरूनच टाकल्या. संध्याकाळी एकटी बसली की तिला जुने दिवस आठवत. न बघता उघडणारं दार, नाईकाची थट्टा, ओवीबरोबर झोपी जाणारी लढाई. एकाच दुपारी तिनं ते सगळं घालवलं होतं. परत आणायला आयुष्य लागत होतं, आणि ते थोडं थोडं येत होतं. आधी बाण रोखलेले असत. मग नुसती दोरी ओढलेली. मग एका उन्हाळ्यात त्या शिपायानं, आता तोही तरणा राहिला नव्हता, धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि थोरलीच्या डोक्यावरची दुरडी दोन्ही हातांनी उतरवून घेतली.

पुढं दोन्ही राजे थकले, तह झाला, तरी जखमींसाठी दुरडी चालूच होती. टेकडीवरचा राजा चौकीवर येऊन म्हणाला, “बाई, तू मोकळी आहेस. आता दुरड्या न बघताच सोडत जाऊ.”

धाकटीनं मान हलवली. “नाही, महाराज. मी जाते, पण माझ्या जागी कुणीतरी बसू दे, आणि दुरडी रोज उलटू दे. आम्हाला राग नाही यायचा. न बघता सोडलीत, त्याचाच फायदा मी घेतला. उद्या पुन्हा लढाई झाली, तर कुण्या मायाळू बाईला माझ्यासारखा मोह होऊ नये.”

राजानं हात जोडले. शिपायानं तिचं गाठोडं उचललं. थोरली माळावर तिला न्यायला आली होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून भर उन्हात घरी आल्या, आणि त्या दिवशी ओवी धाकटीनं म्हटली.

त्या माळावर जशी वाट पुन्हा उघडली, तशी जिथं जिथं आजही लढाई चालली आहे तिथं तिथं अन्न, पाणी, औषध घेऊन जाणाऱ्या लेकीसुनांची आणि लेकरांची वाट देवी उघडी ठेवो, आणि त्यांना सुखरूप घरी आणो.

बोध : उपकाराच्या दुरडीत एकदा शस्त्र लपवलं, तर पुढच्या कित्येक तहानलेल्यांचं पाणी तुटतं, म्हणून दोन्हीकडच्यांसाठी चालणाऱ्या पावलांची वाट राजानं आणि रयतेनं सारखीच जपावी.