पडल्याचा रकाना

"सर, एका शब्दात सांगून टाका. भारी कोण? खुशाल का मी?"

निशांत उमरेडकरनं बसायच्या आधीच विचारलं.

तितरमारे सर बाकावर बसून रिंगची फाटकी जाळी सुतळीनं सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर एके काळी रेल्वेकडून बास्केटबॉल खेळलेले. पंचाहत्तरी उलटली, खुब्याचं हाड एकदा मोडून बसलं, तरी नागपुरातल्या या सिमेंटच्या कोर्टावर रोज येतात. निशांत आणि खुशाल नंदनवार, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकले. मी तिथं झाडू मारतो, चुन्याच्या रेघा ओढतो. पाहिलं ते लिहितो. जास्तीचं मला येत नाही.

भानगड अशी होती. मोठ्या लीगमधल्या एका संघात एक जागा उरली होती आणि पोरं दोन. मालकानं निरोप धाडला, मास्तर, दोघं तुमच्याच हातचे, तुम्ही चिठ्ठीत ज्याचं नाव लिहाल तो आमचा. चिठ्ठी आणि निवडलेला पोरगा न्यायला आलेला माणूस फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. सहाला निघणार होता. साडेपाच होऊन गेले होते.

निशांतनं जागा आपलीच आहे असं धरून बँकेतली नोकरी सोडून दिली होती. घरी सांगितलं नव्हतं.

"काही बोला ना सर."

"तूच बोल," सर म्हणाले.

निशांतनं खिशातून कागद काढला. यंदाच्या सगळ्या मॅचचा हिशोब होता त्यावर, रकाने पाडलेला.

"मॅचमागं माझे चोवीस पॉइंट. खुशालचे पाच. लांबून टाकलेले माझे दहातले चार आत जाते. तो तर लांबून टाकतच नाही. आता यात विचार कायचा करून राहिले तुम्ही?"

खुशाल रिंगखाली उभा होता. एवढा धिप्पाड गडी, पण बॉल पोटाशी धरून गप्प.

"खरं आहे का रे?" सरांनी त्याला विचारलं.

"खरं आहे सर."

"पाहा," निशांत म्हणाला. "तो पण म्हणते."

सरांनी कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला. वरून खाली बोट फिरवलं.

"पडल्याचा रकाना कुठं आहे?"

"काय?"

"पडल्याचा. मॅचमध्ये कोण किती वेळा खाली पडला."

निशांत हसला. "पडल्याचे पॉइंट कोण देते सर?"

सरांनी जाळी बाजूला ठेवली.

"रिंगखाली जाऊन उभा राय. पाय रोवून. खुशाल, तू बॉल घेऊन मधल्या रेघेवरून ये. जोरात."

हा साधा नियम आहे. समोरचा बॉल घेऊन अंगावर येतो, तुम्ही पाय रोवून उभे राहिलात आणि तो धडकला, तर फाऊल त्याचा, बॉल तुमचा. पाय हलले तर फाऊल तुमचा. म्हणजे मुकाट उभं राहून मार खायचा. हौस कोणाला असते.

शिट्टी वाजली. खुशाल निघाला. कोर्ट दणदणलं.

शेवटच्या दोन पावलांवर निशांत बाजूला झाला.

"पाय घसरला सर. धूळ आहे इथं."

धूळ नव्हती. मी चारलाच झाडलं होतं.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा तो उभा राहिला, पण खांदा फिरवला. खुशाल चाटून गेला.

"हे माझं काम नाही सर," निशांत चिडून बोलला. "मी टाकणारा आहे. हात मोडला तर कोण टाकीन?"

"बरोबर," सर म्हणाले.

बाहेर हॉर्न वाजला. पावणेसहा.

सर उठले. चपला काढल्या. खुब्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत रिंगखाली गेले. सिमेंट तापलेलं होतं, उन्हाळ्याचे दिवस, पण त्यांनी दोन्ही अनवाणी पाय रोवले. हात छातीवर घेतले.

"खुशाल, ये."

खुशाल जागचा हलला नाही. "सर... तुमचं हाड..."

"तुले काय सांगितलं मी?"

"सर, नका ना."

सरांनी शिट्टी तोंडात घेतली.

त्या कोर्टाची रीत आहे. शिट्टी वाजली की पळायचं, कारण विचारायचं नाही. आठ वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना तीच. खुशालनं ती कधी मोडली नव्हती.

शिट्टी वाजली.

खुशाल पळाला. अर्ध्यात त्याचं तोंड रडवेलं झालेलं मी पाहिलं. त्यानं आवरायला पाहिलं, पण नव्वद किलोचा गडी, एकदा निघाला की निघाला. सर पापणी हलवत नव्हते. माझ्या हातातला झाडू तसाच राहिला...

आणि मधे निशांत आला.

कुठून आला, कसा आला, कळलं नाही. आडवा घुसला आणि खुशालची पूर्ण धडक छातीवर घेऊन पाठीवर पडला. असा आवाज झाला की फाटकातला गाडीवाला खाली उतरला.

सर होते तिथंच उभे. धक्कासुद्धा लागला नव्हता.

निशांतला श्वास येईना. कोपराची साल निघाली होती, तळहात सोलला होता. खुशालनं हात पुढं केला. निशांतनं तो धरला, पण उठला नाही.

"खुशाल..."

"बोल."

"एका मॅचमध्ये... हे किती वेळा होते बे तुले?"

खुशालनं विचार केला.

"मोजलं नाही," तो म्हणाला.

निशांत आडवाच राहिला. वर बिनजाळीच्या रिंगकडं पाहत. बाहेरचा माणूस आत येऊन म्हणाला, मास्तर, वेळ झाली.

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. कोरी होती. ती आणि पेन निशांतच्या छातीवर ठेवलं.

"लिही. मी सही करतो."

निशांत उठून बसला. मग गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं नाव लिहिलं. सोललेल्या हातानं अक्षर वाकडं आलं, पण मलासुद्धा वाचता आलं. खुशाल नंदनवार.

"काऊन बे?" खुशाल म्हणाला. "नोकरी सोडली ना तू."

"गप राय."

सरांनी न वाचता सही केली. माणूस चिठ्ठी घेऊन गेला. खुशाल दोनदा मागं वळून पाहत त्याच्यासोबत गेला.

सर बाकावर परत बसले, जाळी मांडीवर घेतली. निशांत समोर उभा. कोपरातून रक्त गळत होतं. त्यानं पुसलं नाही.

"सर, मी तुम्हाले वाचवलं."

सर सुतळीची गाठ मारत होते.

"मी मधे आलो नसतो तर तुम्ही..."

गाठ पक्की झाली. सरांनी उरलेली सुतळी दातानं तोडली.

"पाय हलत होते तुझे," ते म्हणाले. "फाऊल तुझाच. उद्या पाचला ये."