सळईवरचं दोन बोटं तेल

“दोन बोटं! आजही दोन बोटं तेल कमी!”

भैरोजीमहाराज इतक्या जोरात ओरडले, की ओट्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली आणि ड्रायव्हर दत्तोबाच्या हातातली टोपी खाली पडली.

महाराजांच्या हातात मोटारीच्या इंजिनातलं तेल बघायची सळई होती. तिच्यावर दोन खुणा. तेल वरच्या खुणेला असलं की इंजिन पुरतं भरलेलं. खालच्या खुणेखाली गेलं की धोका. आज ते खालच्या खुणेच्याही खाली होतं.

“सरकार, सकाळी शेडमध्ये बघितलं तेव्हा वरच्या खुणेला होतं हो!”

“मग तळ्यापर्यंत एक फेरी मारून येईस्तोवर गेलं कुठं? तू पितोस, की तुझी बायको त्यात भजी तळते?”

शेजारी उभे असलेले दिवाण अप्पासाहेब खो खो हसले. दत्तोबाने टोपी उचलून झटकली. वर्षापूर्वीपर्यंत तो बग्गी हाकायचा. घोड्याचं पोट दुखलं तर त्याला लांबून कळायचं. मोटारीचं पोट अजून कळत नव्हतं.

“ऐक!” महाराज म्हणाले. “तेल ओतायच्या झाकणावर आत्ता लाखेची मोहोर लागेल. उद्या फेरी मारून आलो, की एक थेंबही न ओतता तेल वरच्या खुणेला दिसलं पाहिजे! नाही दिसलं, तर टोपी इथं ठेवायची आणि संस्थानाबाहेर चालू लागायचं!”

दत्तोबा घरी आला तो भांडी बांधायलाच बसला.

“अहो, झालं काय?” त्याची बायको केशर दचकून उठली. सगळं ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण मग तिने विचारलं, “सकाळी तुम्ही बघता तेव्हा गाडी कुठं असते?”

“शेडमध्ये. सपाट फरशीवर. रात्रभर उभीच असते की.”

“आणि महाराज बघतात तेव्हा?”

“हत्तीवर चढायच्या-उतरायच्या ओट्याला लागून असलेल्या चढावर. राजाने मातीला पाय लावायचा नाही, थेट ओट्यावरच उतरायचं, असा थोरल्या आईसाहेबांपासूनचा रिवाज. गाडी नाक वर करून थांबते, आणि थांबली रे थांबली, की महाराज ओट्यावरून वाकून सळई उपसतात, पुसून पुन्हा घालून बघतात.”

केशरने त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि परत फळीवर ठेवला. “राहू दे बांधाबांध. उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी फेरी झाली. गाडी चढावर थांबली. महाराजांनी सळई उपसली, पुसून पुन्हा घातली, काढली. “दोन बोटं कमी! काढ टोपी!”

“सरकार,” केशर पुढे आली. तिचा आवाज खणखणीत निघाला. “मोहोर शाबूत आहे ना?”

“आहे.”

“मग इंजिन बंदच ठेवून गाडी मागे ढकलत खाली सपाट फरशीवर घ्यावी. आणि सरकारांनी एक कप गरम चहा घ्यावा. बशीत न ओतता!”

“बशीत न ओतता?” महाराजांना धक्काच बसला. “निवायला किती वेळ लागेल!”

“तेवढाच हवा आहे, सरकार.”

शिपायांनी गाडी खाली घेतली. महाराज फुंकर मारत बसले. एक घोट. हाय! दुसरा घोट. पुन्हा हाय! शेवटी कप रिकामा झाला. महाराजांनी मातीला पाय लावू नये म्हणून गाडीपर्यंत गालिचा अंथरला गेला.

दिवाणांनी घाईने सळई उपसली आणि किंचाळलेच, “सरकार, लबाडी! तेल मुठीपर्यंत! हिने चोरून ओतलं!”

दत्तोबाने डोळे मिटून घेतले.

“दिवाणसाहेब, पहिल्या खेपेच्या सळईवर विश्वास ठेवू नये,” केशर म्हणाली. “वरून निथळणारं तेल तिच्या अंगाला लागलेलं असतं. पुसा, तळापर्यंत घाला, मग काढून बघा.”

महाराजांनी दिवाणांचं पांढरंशुभ्र उपरणं ओढून सळई खसाखसा पुसली. आत घातली. काढली.

तेल बरोब्बर वरच्या खुणेला!

“अगं, हे वर चढवलंस कसं?”

“चढवलं नाही सरकार, उतरू दिलं! माझ्या माहेरी तेलाचा घाणा आहे. आम्ही माप ओतलं, की भांड्यावर उपडं धरून ठेवतो. अंगाचं तेल सावकाश निथळतं. आणि तिरप्या पाटावर तेल कधी मोजत नाही. गाडी धावून आली की निम्मं तेल इंजिनात वरच अडकलेलं, उरलेलं चढामुळे मागे पळालेलं, आणि सळई तर पुढे. सळईला जेवढं भेटेल तेवढंच ती सांगणार! दरबार भरलेला असताना दिवाणसाहेबांच्या घरी माणसं मोजली आणि एक कमी भरलं, तर दिवाणसाहेब चोरीला गेले म्हणायचं का?”

महाराज असे हसले, असे हसले, की गालिच्यावरून पाय घसरून चांगले मातीत उतरले! त्यांनी टोपी स्वतःच्या हाताने दत्तोबाच्या डोक्यावर ठेवली आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून केशरला दिलं.

“आजपासून गाडी सपाटीलाच थांबेल. आणि केशरने हो म्हटल्याशिवाय सळईला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा! पण केशर, मला फारच घाई असली तर?”

“तर चहा जास्त गरम देऊ, सरकार!”

महाराजांच्या हसण्याने कबुतरं पुन्हा उडाली.