तांबटाची चळत

खाडीकाठी, मिठागरांच्या एका गावात रघोजी नावाचा एक तांबट राहायचा. एकदा त्याने तांब्याची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, पुन्हा तांबं, पुन्हा जस्त अशी हातभर उंच चळत रचली. तिच्या दोन टोकांना तारा जोडून हातात धरल्या, तर बोटांना झिणझिण्या आल्या. आज आपण जिला बॅटरी म्हणतो, तिचंच हे साधंसुधं रूप.

एका दुपारी त्या तारा दारात मरून पडलेल्या एका बेडकाला लागल्या. बेडकाने पाय झाडला.

रघोजीने निरखून पाहिलं. बेडूक मेलेलाच होता. तारा काढल्या की पाय लुळा पडायचा. पण दारात जमलेले लोक हात जोडून म्हणाले, "रघोजी मेलेल्याला उठवतो!"

रघोजीला ते ऐकायला गोड वाटलं. तो काहीच बोलला नाही.

आठवड्याभराने मिठागरातला एक कामगार सकाळी खाडीत बुडाला. त्याची बायको ताना प्रेत घेऊन तांबटाच्या दारी आली.

"दादा, यांना उठवा."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सारं गाव बघत होतं. रघोजीने तारा उचलल्या आणि मेलेल्या माणसाच्या हाताला लावल्या.

गार बोटं हळूहळू वळली. त्यांनी तानाचा हात धरला.

"यांनी मला धरलं!" ताना ओरडली. मग तिने प्रेत कुणाला उचलू दिलं नाही.

उन्हं कलली. रघोजीने नवी फडकी भिजवली, चळत दुप्पट उंच केली. बोटं हलेनात. शेवटी तो खाली बसला.

"वहिनी, ते सकाळीच गेले. हात त्यांनी नाही धरला, तारांमुळे बोटं आखडली. मला ठाऊक होतं."

"खोटं," ताना शांतपणे म्हणाली. "यांचा हात मला कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी चिता पेटली, तेव्हा चौघींनी तानाला धरून ठेवलं होतं. "जिवंत माणूस जाळताय!" ती किंचाळत होती.

रघोजीने चळत मोडून टाकली. पुढे कित्येक वर्षं तो तानाच्या दारी जाऊन खरं सांगत राहिला. ती ऐकून घ्यायची आणि हात पुढे करायची.

"हे बघा, इथे धरलं होतं."

त्या हाताला तिने तेव्हापासून पाणी लावलं नव्हतं.

तात्पर्य इतकंच: लोकांचा गैरसमज आपल्याला सुखावत असला, तरी तो तिथल्या तिथे दूर करावा. उशिरा सांगितलेलं खरं कुणाला पटेलच, असं नाही.