तिरकूचा शंखप्रवेश

त्या किनाऱ्यावर शंखांना फार मान होता आणि खेकड्यांना तो शंखांमुळे मिळत असे. तिथले खेकडे पाठीकडून मऊ असत. त्यांना स्वतःचं कवच नसे. म्हणून खडकातल्या उथळ डबक्यांत बालपण सरलं, की प्रत्येकाला एक रिकामा शंख निवडून त्यात शिरावं लागे. या सोहळ्याला शंखप्रवेश म्हणत. शंख पाठीवर घेऊन हिंडायचं, ओहोटीला पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन खायचं, वाढायचं, आणि शंख अंगाला घट्ट होऊ लागला की तो मागच्यासाठी सोडून मोठ्यात जायचं, अशी मूळची रीत होती. पुढे रीत राहिली आणि तिचं कारण विसरलं गेलं. आता एकदा लाभलेला नावाजलेला शंख कुणी सोडत नसे. ओळखसुद्धा शंखावरूनच पटे. आत कोण आहे हे वाकून पाहणं असभ्यपणाचं समजत.

कोणता शंख चांगला, हे कुरव पक्षी ठरवत. ते उंचावरून पाहत, त्यामुळे त्यांची नजर निःपक्षपाती मानली जाई. दरवर्षी शंखप्रवेशाच्या आधी ते किनाऱ्यावर घिरट्या घालत आणि शंखांचा क्रम ओरडून जाहीर करत. उंचावरून जो चकाके तो पहिला, जो वाळूत मिसळून जाई तो शेवटचा. कुरवांना खेकडे खायला आवडतात हे सर्वांना ठाऊक होतं, पण तो वेगळा विषय होता.

या किनाऱ्यावर तिरकू नावाचा एक कोवळा खेकडा होता. ओहोटी लागली की दूर पाण्यात एक काळा खडक वर येई. तिरकूला तिथे जायचं होतं. तिथे तांबडं शेवाळ असतं, असं त्याने ऐकलं होतं आणि ते त्याला एकदा खाऊन पाहायचं होतं. एवढीच त्याची इच्छा, पण ती त्याला झोपेतही सोडत नसे.

त्याच्या आईला राखाडी शंख मिळाला होता. त्यापायी सगळा किनारा तिला जन्मभर ‘त्या राखाडी बाई’ म्हणत आला होता. समारंभात तिला मागे उभं करत. ती कधी कुणाला काही बोलली नाही, पण तिरकू जन्मला तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की याच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. तिचं प्रेम खरं होतं. पुढे जे झालं ते त्या खऱ्या प्रेमापोटीच झालं.

सल्ला घ्यायला ती तिरकूला नांगोजीकाकांकडे घेऊन गेली. काकांनी अनेकांना शंखात बसवलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार ऐकू आली नव्हती. तिरकूची मामेबहीण बारकी, तिचाही शंखप्रवेश त्याच वर्षी होता, तीही मागोमाग आली.

“बोल बाळा, काय करायचंय तुला?” काकांनी विचारलं.

“काळ्या खडकावर जायचंय.”

“मग जा की! तुला नको कोण म्हणतंय? पण आधी राजशंख मिळव. एकदा तो मिळाला, की मग जायचं तिथे जा. आयुष्य पडलंय.”

“पण काका, याला तो उचलवेल का?” बारकीने विचारलं.

काका आईकडे वळून म्हणाले, “ही आपल्याच घरातली का?”

राजशंख कुरवांच्या क्रमात पहिला होता. बाहेरून मोत्यासारखा, आतून गुलाबी, आणि इतका मोठा की त्याच्या सावलीत कुटुंब मावावं. तो ज्याला हवा असेल त्याला परीक्षा द्यावी लागे. नांगी वर धरून उन्हात उभं राहायचं, आणि जो सर्वांत जास्त वेळ अजिबात हलणार नाही त्याला शंख. परीक्षा जुनी होती आणि कडक होती, त्यामुळे ती कशाची आहे असं कुणी विचारत नसे. तिरकूने अख्खा हिवाळा न हलण्याचा सराव केला. ओहोटीला बाकीची पोरं पाण्याकडे धावत तेव्हा आई त्याच्या डोळ्यांसमोर उभी राही, म्हणजे त्याचं लक्ष खडकाकडे जायला नको. संध्याकाळी ती त्याची अवघडलेली नांगी चोळून देई.

बारकीने भलताच उद्योग आरंभला होता. ती शंखाशंखापाशी जाऊन टकटक करी आणि आतल्याला विचारी, “इथून पाण्यापर्यंत पोचता का हो? वळताना कुठे खुपतं? भरतीत वाळू साचते का?” बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी नाव सांगू नकोस म्हणून हळूच खरं ते सांगितलं. ती दोन-चार शंखांत शिरली, चार पावलं चालली आणि लाज न बाळगता बाहेर आली. शेवटी तिने काठाला टवका उडालेला एक शंख घेतला. कुरवांनी त्याचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. तिच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

तिरकू पहिला आला. त्या दिवशी त्याच्या आईला प्रथमच पुढच्या रांगेत बसवलं. नांगोजीकाकांनी भाषण केलं आणि ते तिरकूपेक्षा शंखाबद्दल जास्त बोलले. मग सर्वांच्या देखत तिरकू त्या गुलाबी दारातून आत शिरला. बराच वेळ तो आत चालतच होता.

पहिल्याच ओहोटीला त्याने शंख ओढून पाहिला. शंख हलला नाही. आपण नवे आहोत, सवय होईल, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या ओहोटीलाही तेच झालं, आणि नंतर तो दिवस मोजेनासा झाला. आई दारात सुकं शेवाळ ठेवून जाई, त्यावर तो जगत होता. वाढत मात्र नव्हता. त्याला एकटं वाटे, आणि त्याहून जास्त लाज वाटे, कारण एवढा मोठा शंख मिळूनही ज्याला चालता येत नाही असा आपण एकटेच असणार, अशी त्याची खात्री होती.

अखेर एके दिवशी तो शंखाच्या तळातून जीव खाऊन ओरडला, “आई, मला हा उचलवत नाही! मला बाहेर काढ!”

पण राजशंखाची वळणं अशी होती, की आतला कुठलाही आवाज बाहेर येईपर्यंत घनगंभीर होई आणि शब्द मात्र पुसले जात. बाहेर मंडळी जमली. पोराने थोड्याच दिवसांत केवढी मजल मारली, असं जो तो म्हणू लागला. नांगोजीकाकांनी डोळे मिटून मान डोलावली आणि अर्थ समजावून दिला. आईला एक अक्षरही कळलं नाही. तिचा ऊर भरून आला. आपल्याला कळू नये इतकं आपलं पोर शिकलं, याहून जास्त तिला काय हवं होतं?

तिरकू पुन्हा ओरडला. बाहेर टाळ्या पडल्या.

दरम्यान बारकीला पहिला शंख घट्ट झाला होता. तो पाण्याच्या कडेला टाकून ती दुसऱ्यात गेली होती, आणि त्यालाही टवका होताच. काळ्या खडकावरून परतताना ती राजशंखापाशी थांबली आणि तिने असभ्यपणे वाकून आत पाहिलं.

“तिरकू? अरे, तू तर होतास तेवढाच आहेस!”

तो रडू लागला. जवळून त्याचं रडणं रडण्यासारखंच ऐकू येत होतं.

“बाहेर ये,” ती म्हणाली. “माझा जुना शंख तिकडे पडलाय. तुला बसेल.”

“आणि आई? तिला काय वाटेल?”

बारकी म्हणाली, “तू आत आहेस म्हणून तिला बरं वाटतंय, की शंख इथे आहे म्हणून?”

तिरकू दारापर्यंत आला. पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर उघड्या पाठीने पार करायचं होतं आणि वर कुरव फिरत होते. बाहेर आल्यावर वारा त्याच्या मऊ पाठीला लागला तेव्हा तो भीतीने थरथरला. तरी निघाला. धावता धावता त्याच्यावर एक सावली आली. पण कुरवाची नजर सवयीने राजशंखावर होती. वाळूवरून पळणारं एवढंसं काहीतरी त्याला दिसलंच नाही.

काळा खडक लांबून दिसे तितका सुंदर नव्हता. शेवाळ तांबडं होतं, पण कडू होतं आणि त्यावरून पाय घसरे. तिरकू पुष्कळदा पडला. लाटांनी त्याला आपटलं, चार अनोळखी खेकड्यांनी त्याला खडक घट्ट धरायला शिकवलं, आणि कडू शेवाळाची त्याला गोडी लागली. तो वाढला. शंख घट्ट झाला तसा त्याने बदलला, मग पुन्हा बदलला.

आईची आठवण यायची थांबली नव्हती. एका मोठ्या ओहोटीला तो जुन्या किनाऱ्यावर परतला. राजशंख जागच्या जागी होता. त्याच्याभोवती वाळूचा ओटा केला होता आणि पुढे कोवळ्या खेकड्यांची रांग लागली होती. ते एकेक करून शंखाला डोकं टेकवत आणि ऐकत. शेजारी आई बसली होती. ती थकली होती, पण चेहऱ्यावर तेज होतं. दारातलं सुकं शेवाळ तसंच साचलं होतं. अभ्यासात त्याला भूक कळत नाही, असं ती एका नव्या आईला सांगत होती.

तिरकू तिच्यापुढे उभा राहिला. तिने त्याचा टवके उडालेला शंख वरपासून खालपर्यंत पाहिला.

“कुठला रे तू, बाबा?”

“काळ्या खडकावरचा,” तो म्हणाला.

“बरं असतं का तिकडे?”

“बरं असतं.”

“आईला वाईट वाटत असेल रे तुझ्या.” तिने मायेने उसासा टाकला. “ये, रांग राहू दे. तू लांबून आलायस. माझ्या तिरकूचं ऐक जरा.”

त्याने राजशंखाला डोकं टेकवलं. आतून अखंड, खोल, भरदार घोष येत होता. समुद्रावरून वारा येत होता.

“काय म्हणतो?” आईने आशेने विचारलं. “तुला कळतं का काही?”

“आई,” तो म्हणाला, “मीच—”

तेवढ्यात वारा पडला आणि शंख गप्प झाला. आईने घाईने नांगी वर करून त्याला थांबवलं.

“हळू,” ती कुजबुजली. “आता तो विचार करतोय.”