उडालेला पदर

एका चित्रकथाकारावर एकदा असा प्रसंग आला, की ज्या मासिकासाठी त्याने चौदा वर्षे चौकटी रंगवल्या ते मासिकच बंद पडले. पोट काही बंद पडत नाही. म्हणून तो टीव्हीच्या जाहिरातींसाठी हलती चित्रे करणाऱ्या एका स्टुडिओत दाखल झाला. तेथले वृद्ध मास्तरही मूळचे चित्रकथाकारच, म्हणून त्याने त्यांचे शिष्यत्व आनंदाने पत्करले.

पहिलेच काम लोणच्याच्या जाहिरातीचे आले. आजीबाई उडी मारून उंच फळीवरची बरणी काढते, एवढीच गोष्ट. आजवर अख्ख्या पानात सहा चौकटींपलीकडे जागा मिळत नसे आणि इथे एका उडीला बारा चित्रे! शिष्याने सारी कसर भरून काढली. लुगड्याच्या चुण्या, सुरकुत्या, छायाप्रकाश, प्रत्येक चित्रात सगळे यथासांग. सातवे तर असे उतरले, की त्याचे त्यालाच कौतुक वाटले. आजी अधांतरी, गुडघे पोटाशी आणि पदर वर उडालेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पडद्यावर चित्रे पळवली, तर आजी उडी मारण्याऐवजी अदृश्य जिना चढू लागली. लोणच्याचा व्यापारी चार वाजता बघायला येणार होता.

"मास्तर, हे माझं काम नव्हे," शिष्य म्हणाला. "चौदा वर्षांची कला इथे मातीमोल झाली. मी उद्यापासून येत नाही."

मास्तरांनी गठ्ठ्यातून मधली पाच चित्रे उपसली, सातव्यासकट, आणि खणात ठेवून कुलूप लावले. मग उडीसाठी वाकलेल्या आजीचे एकच चित्र कॅमेऱ्याने लागोपाठ सहा वेळा टिपायला लावले. शिष्याच्या काळजाला घरे पडली. नेमके उत्तम तेच म्हाताऱ्याने काढून टाकावे! राग गिळून तो चारपर्यंत थांबला.

व्यापारी आला. पडद्यावर आजी वाकली, थबकली आणि क्षणात बरणी कवेत! व्यापारी खो-खो हसला.

"वा! काय उडी मारलीय म्हातारीनं! आणि पदर कसा वर उडालाय! तेवढा मात्र बदलू नका हो."

शिष्याने वळून खणाकडे पाहिले. तो पदर तर खणात, कुलपात होता.

व्यापारी गेल्यावर मास्तर म्हणाले, "अरे, चित्रकथेत दोन चौकटींच्या मधे कोरी पट्टी असते. एका चौकटीत चोर भिंतीवर, दुसरीत अंगणात. मधली उडी तू कधी काढलीस का? ती वाचकानंच मारली. चौदा वर्षं तू त्याच्यावर विसंबलास आणि इथे जागा मिळताच त्याला विसरलास. कला मातीमोल झाली नाही. ती तू दाराबाहेर ठेवून आत आलास, इतकंच."

"मग ते सातवं चित्र मी उगाचच काढलं?"

"उगाच कसं? ते काढलंस, म्हणून तर वाकलेल्या आजीच्या खांद्यात उडी आधीच भरली." मास्तरांनी खणाची किल्ली पुढे केली. "घेऊन जा. घरी भिंतीवर लाव."

शिष्याने किल्ली हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि पुन्हा त्यांच्या मेजावर ठेवली. मग त्याने एक कोरा कागद पुढे ओढला.

"मास्तर," तो म्हणाला, "उद्या कुठलं काम आहे?"