ठसकूचं झाकण

एक होतं मिरचीचं बी. एवढंसं! तुझ्या नखावर ठेवलं ना, तर शेजारी त्याचे दोन मित्रपण मावतील.

त्याचं नाव ठसकू.

ठसकू राहायचं केकच्या डब्यात. केक? केक कधीच खाऊन संपला. डब्यात आता होती माती. मऊ मऊ, ओली ओली. मातीत झोपली होती ठसकूची भावंडं. वरती मोठ्ठं झाकण. आरपार दिसणारं.

आणि डबा कुठे? छोट्या मिहूच्या घरी, फ्रिजच्या डोक्यावर! तिथे छान गरम गरम लागतं.

घरात थंडी. डब्यात ऊब.

मिहूची आई म्हणाली, "झाकणाला कुणी हात लावायचा नाही हं. ऊब गेली तर बाळं उगवायची नाहीत." आणि ती गेली ऑफिसला.

हात कुणीच लावला नाही. पण पाय?

ढोल्या बोक्याने मारली उडी. धप्प!

झाकण पडलं खाली. खडाड्! ओल्या झाकणाला आतून चिकटलेलं ठसकूपण पडलं खाली. टुणुक!

ढोल्या उतरला आणि झाकणात जाऊन बसला. मावला का? छे! पोट बाहेर. शेपूट बाहेर. एक पायपण बाहेर. तरी बसला. गुर्रर्र, गुर्रर्र.

फ्रिजवरून भावंडं ओरडली, "ठसकू, ठसकू, थंडी वाजते! कुडकुड कुडकुड!"

ठसकू ओरडलं, "थांबा! झाकण आणल्याशिवाय येणार नाही!"

टुणुक टुणुक टुणुक. ठसकू गेलं ढोल्याकडे.

"ढोल्या, ढोल्या, झाकण सोड!"

"का म्हणून सोडू?"

"भावंडं माझी गारठली, कुडकुड कुडकुड!"

"सोडणार नाही, जा! आबांची गोधडी मिळाली, तरच उठेन."

आणि ढोल्याने डोळे मिटले. आता त्याला उठवायचं म्हणजे भरलेला सिलिंडर उचलायचा!

टुणुक टुणुक टुणुक. ठसकू गेलं आबांकडे.

आबा खुर्चीत बसले होते. गोधडीत गुंडाळलेले. नुसतं नाक बाहेर. घर्रर्र, फुस्स. घर्रर्र, फुस्स.

"आबा, आबा, झोपलात?"

"कोण झोपलंय? मी पेपर वाचतोय." पेपर कुठेच नव्हता.

"आबा, आबा, गोधडी सोडा!"

"का म्हणून सोडू?"

"ढोल्या सोडेना झाकण,
भावंडं माझी गारठली, कुडकुड कुडकुड!"

"सोडणार नाही, जा! माझी माकडटोपी पळवली मिहूने. कान बघ माझे, नुसते बर्फ! टोपी मिळाली, तरच गोधडी सोडेन."

टुणुक टुणुक टुणुक. ठसकू गेलं मिहूकडे.

मिहूने माकडटोपी घातली होती. कुठे? पायात! दोन्ही पाय एकाच टोपीत. आणि ती घरभर उड्या मारत होती. धुप्प धुप्प.

"मिहू, मिहू, टोपी सोड!"

"का म्हणून सोडू?"

"आबा सोडेनात गोधडी,
ढोल्या सोडेना झाकण,
भावंडं माझी गारठली, कुडकुड कुडकुड!"

"सोडणार नाही, जा! मला दही-साखर पायजे. वाटीभर! दही मिळालं, तरच टोपी सोडेन."

टुणुक टुणुक टुणुक. ठसकू गेलं स्वयंपाकघरात. ओट्यावर होतं पातेलं. पातेल्यात होतं दूध. कोमट कोमट.

"दुधा, दुधा, दही हो!"

"का म्हणून होऊ?"

"मिहू सोडेना टोपी,
आबा सोडेनात गोधडी,
ढोल्या सोडेना झाकण,
भावंडं माझी गारठली, कुडकुड कुडकुड!"

दूध म्हणालं, "होणार नाही, जा! होऊ कसं? विरजण कुठंय? आधीचं थोडं दही माझ्यात घालावं लागतं ना! मिहूच्या बाबांनी सगळं खाल्लं. वाटीपण चाटली!"

खरंच की! वाटी बघ. चकचकीत. तिच्यात तोंड दिसतंय.

ठसकूला रडू आलं. टिप टिप. वरून आवाज आला. हळू हळू. "ठसकू... थंडी... कुडकुड..."

आता कुणाकडे जायचं?

तेवढ्यात वर काहीतरी हललं. खुळखुळ, खुळखुळ.

भिंतीवर होता खिळा. खिळ्याला होती टांगलेली लाल मिरची. सुकलेली, सुरकुतलेली, डोक्यावर देठ. तिच्याच पोटातून तर ठसकू आलं होतं!

"ए आई!" ठसकू ओरडलं.

"काय रे सोन्या? डब्यातून बाहेर कसा?"

"दूध होईना दही,
मिहू सोडेना टोपी,
आबा सोडेनात गोधडी,
ढोल्या सोडेना झाकण,
भावंडं माझी गारठली, कुडकुड कुडकुड!"

आता सांग बरं, मिरची काय म्हणाली? "जा, नाही येणार"?

हॅट्!

मिरची म्हणाली, "एवढंच ना? विरजण नसलं तर नसलं. माझं देठ आहे की! देठासकट मिरची दुधात पडली, की दही लागतं. सरक बाजूला!"

एक... दोन... तीन...

मिरचीने मारली उडी. डुबुक!

"आई गं, गुदगुल्या!" दूध म्हणालं.

मग सगळे गप्प बसले. दही लागताना पातेलं हलवायचं नसतं. ठसकूपण गप्प बसलं. शूऽऽऽ! तूपण.

सकाळ गेली. दुपार गेली. संध्याकाळ झाली.

मिहूची आई आली घरी. पातेल्यात बघते तर काय? पांढरं पांढरं, थलथल थलथल.

"अगं बाई! विरजण नव्हतं, मग दही कुठून आलं?"

बाबा घाबरून म्हणाले, "मी नाही खाल्लं!"

"अहो, खाल्लं कोण म्हणतंय? लागलंय!"

मग काय! चला रे चला!

मिरची पडली दुधात, दुधाचं झालं दही.
दही मिळालं मिहूला, मिहूने सोडली टोपी.
टोपी मिळाली आबांना, आबांनी सोडली गोधडी.
गोधडी मिळाली ढोल्याला, ढोल्याने सोडलं झाकण!

आबांनी टोपी हुंगली. "मिहू, हिला पायांचा वास येतोय." तरी घातली.

टुणुक! ठसकूने मारली उडी झाकणात.

मिहूने झाकण उचललं, दोन्ही हातांनी. "आई, हे बघ! झाकण खाली पडलेलं."

"अगं देवा! माझी बाळं गारठली असतील!" आईने पाणी उडवलं. फुस्स फुस्स. झाकण लावलं. टप्प!

ठसकू पडलं मातीत. मऊ मऊ. ओली ओली. हळूहळू गरम गरम.

"आणलं की नाही झाकण?" ठसकू म्हणालं.

भावंडं म्हणाली, "आणलंस, आणलंस! आता झोप!"

मिरचीला दह्यातून बाहेर काढलं. तिला आली होती पांढरी दाढी! मिहूने ती धुतली आणि फ्रिजवर ठेवली, डब्याला टेकून.

"ही का गं इथे?" आईने विचारलं.

"ती त्यांची आई आहे ना," मिहू म्हणाली.

दिवस गेले. रोज मिहू आबांच्या कडेवर चढून डब्यात बघायची. रोज नुसती माती.

"आबा, गारठून गेली का रे ती?"

"बघू की उद्या."

आणि एका सकाळी, अरेच्चा! मातीतून आलं एक हिरवं डोकं. मग दुसरं. मग कितीतरी! सगळी वाकडी वाकडी, आळस देत.

आणि ठसकू?

ठसकू नव्हतं.

भावंडं ओरडली, "ठसकू, ठसकू, ऊठ!"

माती हलली. जरा गप्प. परत हलली. माती म्हणाली फट्, आणि ठसकू आलं वर! हिरवं हिरवं, लांब मानेचं. आणि डोक्यावर काय? बियाचं टरफल! घट्ट. कानांपर्यंत!

आबांनी आपली टोपी चाचपली.

"अरे लबाडा! तूपण माकडटोपी घातलीस?"

ठसकू म्हणालं, "थंडी आहे ना, आबा!"

मिहू हसली. आई हसली. बाबा दही खात खात हसले.

ढोल्या? तो गोधडीत होता. पूर्ण मावला होता.

आमची गोष्ट डब्यात गेली, झाकण लावलं टप्प,
आता डोळे मिटायचे, आणि सगळे गप्प!